बारांपैकी अकरा

१

मंगळवारी सकाळी सव्वासातला डॉ. पद्मजा देवधरांनी इन्क्युबेटरचं दार उघडलं आणि त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. काल दुपारी आत ठेवलेल्या काचेच्या फ्लास्कमध्ये मोहरीएवढे हजारो मणी होते. आता त्यात नुसतं गढूळ पाणी होतं. मणी एकही नव्हता.

तासाभरात ट्रस्टचे अध्यक्ष विष्णुपंत स्कूटर दामटत बदलापूरला, कात्रपमध्ये श्यामकांत टिपणीसांच्या दारात हजर झाले. टिपणीस दोन वर्षांपूर्वी, ब्याण्णव साली, अंबरनाथच्या एका रसायन कारखान्यातून सुरक्षा अधिकारी म्हणून निवृत्त झाले होते. बॉयलर का फुटला, व्हॉल्व्ह कोणी उघडा ठेवला, याचा छडा लावण्यात त्यांची सव्वीस वर्षं गेली होती. माणसं स्वतःला वाचवायला कशी बोलतात आणि दुसऱ्याला वाचवायला कशी बोलतात, यातला फरक त्यांना चांगला कळत असे.

"पोलिसांत का नाही गेलात?" चपला चढवता चढवता त्यांनी विचारलं.

"पोलीस आले की प्रयोगशाळेला सील ठोकतील. आणि पद्मजाबाईंना आजच्या आज दुसरे मणी करायचेत. ती मुलगी थांबायची नाही, श्यामकांत."

मुलगी म्हणजे तुळशी. बदलापूरजवळच्या खेड्यातली, शेतकऱ्याची पोर, वय एकोणीस. कावीळ झाली म्हणून महिनाभर झाडपाल्याचं औषध घेत राहिली आणि एका आठवड्यात यकृतानं अंग टाकलं. रविवारपासून तिला शुद्ध नव्हती. अंबरनाथ पूर्वेच्या ट्रस्टच्या रुग्णालयात ती होती, आणि त्या रुग्णालयाच्या मागच्या बैठ्या इमारतीत पद्मजाबाईंची प्रयोगशाळा होती.

गेली सहा वर्षं त्या एकाच गोष्टीमागे होत्या. डुकराच्या यकृतातल्या जिवंत पेशी काढायच्या, समुद्रशेवाळापासून केलेल्या चिकट द्रवात मिसळायच्या आणि तो द्रव थेंब थेंब करून कॅल्शियमच्या पाण्यात सोडायचा. थेंब पाण्यात पडला की त्याचा मऊ मणी होतो. पेशी आत सुरक्षित. मण्याच्या कवचातून रक्तातलं विष आत जातं, पोषण आत जातं, पण परक्या पेशींवर तुटून पडणारे शरीराचे शिपाई आत शिरू शकत नाहीत. असे मणी रोग्याच्या पोटात सोडले की त्याचं स्वतःचं यकृत सावरेपर्यंत चार दिवस काम निभावून नेतील, असा हिशेब. पाच आठवड्यांपूर्वी यकृत निकामी केलेल्या बारा उंदरांवर हा प्रयोग झाला होता. बारांपैकी अकरा जगले होते.

माणसावर पहिल्यांदा आज होणार होता.

२

"चोरीला गेले," विष्णुपंत म्हणाले. "कुणीतरी मणी ओतून नेले आणि पाणी भरून ठेवलं."

टिपणीसांनी फ्लास्क उजेडात धरला. काचेवर निळ्या पेन्सिलीची एक रेघ होती.

"ही काय?"

"मी काल मणी भरल्यावर आखली," पद्मजाबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे जागरणानं लाल झाले होते. "पाण्याची पातळी कळावी म्हणून."

"पाणी तर रेघेच्या बोटभर वर आहे. इथून काही नेलेलं नाही, बाई. इथे काहीतरी घातलंय."

पद्मजाबाईंनी एक थेंब काचपट्टीवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बराच वेळ त्या वर बघेनात.

"पेशी आहेत," त्या शेवटी म्हणाल्या. "सगळ्या सुट्या झाल्यात. मणी विरघळलेत. मण्याला धरून ठेवतं ते कॅल्शियम. सोडियम सायट्रेट घातलं की ते कॅल्शियम ओढून घेतं आणि पाच-दहा मिनिटांत मणी फुटतो."

"सायट्रेट कुठे मिळतं?"

"इथेच. नळ्यांना चिकटलेला मणी काढायला जनूभाऊ त्यानंच काचा धुतात. रुग्णालयात रक्त गोठू नये म्हणून पिशव्यांत असतं. आणि हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे."

म्हणजे कशानं केलं यावरून कुणी केलं ते कळणार नव्हतं. टिपणीसांनी खुर्ची ओढली.

काल साडेचारला पद्मजाबाई तुळशीकडे वॉर्डात गेल्या, त्या रात्रभर तिथेच होत्या. त्यानंतर इथे कोण येऊ शकलं असतं? उंदरांची देखभाल करणारा जनू भोईर, पाचला लादी पुसायला. रुग्णालयाचे डॉक्टर हरेश वाधवानी, ज्यांनी पंधरा दिवस या प्रयोगाला उघड विरोध केला होता; त्यांना जनूनं इथे बसलेलं पाहिलं होतं. आणि पद्मजाबाईंचा सहायक श्रीपाद मुळे. जनू सहाच्या सुमारास गेला आणि जाताना किल्ली नेहमीप्रमाणे प्राणिगृहातल्या खिळ्याला लावून गेला. तो खिळा सगळ्यांच्या माहितीतला.

"दुसरे मणी कधी होतील?"

"एरवी डुकराचं यकृत गुरुवारीच मिळतं. पण मी सकाळीच उल्हासनगरच्या पाळणाऱ्याला गाठलं, तो दहापर्यंत आणून देतोय. पेशी वेगळ्या करायला दुपार. साडेपाचपर्यंत मणी तयार." त्यांनी अ‍ॅप्रनची गाठ मारली. "कुणी केलं ते तुम्ही शोधा. मला पुन्हा करायचंय."

पण ज्यानं एकदा केलं, तो दुसऱ्यांदा करणार नाही कशावरून? टिपणीसांनी घड्याळाकडे बघितलं. नऊला पाच कमी होते.

३

श्रीपाद तिशीचा, सडपातळ, बोलताना चष्मा पुसायची सवय असलेला. चार वर्षं तो इथे होता. मणी करण्यात त्याचा हात असा की पद्मजाबाईंचेही तितके गोल होत नसत.

"काल चारला मी घरी गेलो, सर. डोकं दुखत होतं. त्यानंतर इथे आलोच नाही."

"मग कुणी केलं असेल, तुला काय वाटतं?"

"मला... कल्पना नाही."

"विष्णुपंतांना वाधवानी डॉक्टरांचा संशय आहे."

श्रीपादनं चटकन मान वर केली. "छे छे, ते नाही करणार. विरोध होता त्यांचा, मान्य आहे. पण काल संमतीच्या कागदावर स्वतः सही केल्यावर ते असं कशाला करतील? उगाच त्यांचं नाव नका घेऊ, सर. भला माणूस आहे."

टिपणीसांनी ते वहीत लिहून घेतलं आणि त्याला जाऊ दिलं. पोरगा आवडण्यासारखा होता.

रिक्षा करून ते उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात पोचले. वाधवानींच्या दवाखान्यात बाकांवर जागा नव्हती. अर्धेअधिक काविळीचेच रोगी. डॉक्टर बाहेरचे रोगी बघून तीनला परतले, तेव्हा त्यांनी टिपणीसांना आतल्या खोलीत घेतलं आणि दार लावलं.

"देखो टिपणीससाहेब, मी सिंधी माणूस, सरळ बोलतो. मला हे मंजूर नव्हतं. त्या मुलीचं रक्त गोठत नाही. पोटात जाडी सुई घालायची म्हणजे आतल्या आत रक्तस्राव होऊन ती टेबलावरच जाऊ शकते. एवढा खतरा घ्यायचा तर समोर तसा फायदा पाहिजे की नाही?"

"आणि तरी काल तिथे गेलात?"

"गेलो. बाई नव्हत्या. दहा मिनिटं बसून रिपोर्ट पुन्हा वाचला. बारा में से ग्यारा! मण्यांशिवाय बारांत चार. एवढा फरक असेल तर मी अडवणारा कोण?" त्यांनी हात पसरले. "साडेपाचला सही केली, कागद टेबलावर पेपरवेटखाली ठेवला आणि सीधा इथे आलो."

"कुणाला सांगितलंत?"

"कुणाला नाही. पंधरा दिवस नाही नाही म्हणून ओरडलो होतो. शरम वाटली."

टिपणीस उठले. या माणसाला फ्लास्कला हात लावायची गरजच नव्हती. सही न करता घरी गेला असता तरी काम थांबलं असतं.

रिक्षात बसल्यावर त्यांनी वही उघडली आणि सकाळचं ते वाक्य पुन्हा वाचलं. मग रिक्षावाल्याला म्हणाले, "जरा जोरात घ्या."

४

पद्मजाबाई यंत्रासमोर होत्या. त्यांनी मान न वळवता उत्तर दिलं.

"हो, कागद माझ्या पर्समध्ये आहे. सकाळी आल्या आल्या पेपरवेटखाली दिसला. तेव्हाच फ्लास्क बघितला, मग कुणाला सांगायचं भानच राहिलं नाही. का?"

"सहज," टिपणीस म्हणाले.

सही साडेपाचला झाली. सकाळी सव्वासातला कागद पर्समध्ये गेला. चारला घरी गेलेल्या माणसाला ती सही कळायला मार्ग नव्हता. श्रीपाद काल संध्याकाळी इथे येऊन गेला होता आणि खोटं बोलला होता.

पण का? चार वर्षं ज्या कामात घाम गाळला, ते त्यानं हातानं का विरघळवावं? कारखान्यात असताना टिपणीस नव्या पोरांना सांगत: कारण कळेपर्यंत नाव घ्यायचं नाही. ते प्राणिगृहाकडे वळले.

जनू भोईर बुवापाड्यातला, पन्नाशीचा. पिंजऱ्यांतलं तूस बदलत होता. प्रत्येक उंदराशी त्याचं काहीतरी बोलणं चालू होतं.

"काल काय काय पाहिलंस, जनूभाऊ?"

"सायब, मी लादी पुसली, वाधवानी डाक्टर वाचीत बसलेले, मी गेलो. आनखी मना काय म्हाईत नाय. माझ्यावर आल घेऊ नका. या उंदरांना मी पोरांवानी सांभालतंय."

"दिसतंय. हेच का ते अकरा? वाचलेले?"

"व्हय. हे बघा, एक नंबर, दोन नंबर... आनि हा नऊ नंबर." जनूच्या तोंडावर हसू पसरलं. "हिनं तर कमाल केली. मागल्या हप्त्यात सात पिल्लं घातली!"

टिपणीस वाकून बघत होते, ते तसेच राहिले.

"नऊ नंबर मादी आहे?"

"मंग? नर कवा पिल्लं घालतो सायब?"

"पद्मजाबाईंना सांगितलंस?"

"सांगनार व्हतो. पन शिरपादसायब बोलले, बाईंच्या डोक्याला आधीच लय ताप हाय, नको सांगू. पिल्लं दुसऱ्या पिंजऱ्यात टाक."

टिपणीसांनी पद्मजाबाईंकडून मागून घेतलेला उंदरांच्या प्रयोगाचा अहवाल काखेतून काढला. दुसऱ्या पानावर पहिल्याच ओळीत लिहिलेलं होतं: प्रयोगासाठी घेतलेले सर्व चोवीस उंदीर नर.

घड्याळात पाच वाजायला दहा मिनिटं होती. प्रयोगशाळेत, कॅल्शियमच्या पाण्यात, श्रीपादच्या हातून नवे मणी पडायला लागले असणार.

५

"बाई, सुई देऊ नका," टिपणीस दारातूनच म्हणाले.

पद्मजाबाई वळल्या. श्रीपादच्या हातातली नळी थांबली.

"हेही बिघडलेत?"

"मणी ठीक आहेत. आकडा बिघडलाय." टिपणीसांनी अहवाल टेबलावर ठेवला. "उंदरांचा प्रयोग झाला तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"पुण्याला. आई गेली तेव्हा. तेरा दिवस." त्यांचा आवाज उतरला. "सगळं श्रीपादनं सांभाळलं."

"तुम्ही चोवीस नर घेतले होते. वाचलेल्यांतला नऊ नंबर मादी आहे. मागच्या आठवड्यात व्यालीय. म्हणजे खरा नऊ नंबर मेला, आणि त्याच्या पिंजऱ्यात घाईघाईनं साठ्यातला दुसरा उंदीर आला. एक बदलला, म्हणजे आणखीही बदलले असणार. हे एकाच माणसाला करता येण्यासारखं होतं. आणि काल वाधवानींनी सही केल्याचं आज सकाळी मला त्याच माणसानं सांगितलं, जेव्हा त्या सहीबद्दल तुम्ही आणि वाधवानी सोडून कुणालाच माहीत नव्हतं. श्रीपाद, तू साडेपाचनंतर इथे आलास. तो कागद पाहिलास."

श्रीपादनं चष्मा काढला. या खेपेला पुसला नाही.

"पाच," तो म्हणाला. "खरे पाच जगले, मॅडम."

पद्मजाबाईंनी टेबलावरचा अहवाल जवळ ओढला.

"तुमचा फोन आला होता. पुण्याहून, एसटीडी बूथवरून. नुकतंच आईंचं सगळं उरकून आला होतात तुम्ही. 'किती जगले रे?' म्हणालात. रडून आवाज बसला होता तुमचा. मी पाच म्हणणार होतो. तोंडून अकरा गेलं. तुम्ही इतक्या... तुम्ही म्हणालात, 'आता मला उभं राहता येईल.' मग पाच कसं सांगणार? तुम्ही यायच्या आत सहा बदलले."

"आणि पाच आठवडे गप्प बसलास?"

"वाटलं होतं, पुढचा प्रयोग चांगला होईल, हा आकडा मागे पडेल. माणसापर्यंत जाईल असं वाटलंच नव्हतं. वाधवानी सर अडवतायत म्हणून तर मी निर्धास्त होतो. काल खरं सांगायचंच म्हणून पुन्हा आलो, तर टेबलावर सही. माझ्या खोट्या आकड्यावर केलेली सही. तुम्ही वॉर्डात त्या मुलीच्या आईजवळ होतात. दारापर्यंत आलो, मॅडम. आत येववलं नाही. परत आलो आणि बाटली ओतली. गुरुवारशिवाय यकृत मिळणार नाही, तोवर काहीतरी सुचेल असं धरून चाललो होतो."

"आणि आज? आज तू मला मणी करून देत होतास!"

श्रीपादनं अ‍ॅप्रनच्या खिशातून एक छोटी बाटली काढून टेबलावर ठेवली. तिच्यावर चिकटवलेलं 'सायट्रेट' वाचायची कुणालाच गरज पडली नाही.

पाण्यात मणी चमकत होते, अगदी गोल, एकासारखा एक. पद्मजाबाई त्यांच्याकडे बघत होत्या. टिपणीसांना त्यांच्या मनात काय चाललंय ते दिसत होतं. पाच म्हणजे चारांपेक्षा एक जास्त. तिकडे मुलगी मरणाच्या दारात. कुणाला कळलं नसतं.

"चार आणि पाचात फरक नाही," त्या स्वतःलाच सांगावं तशा म्हणाल्या. "नुसत्या नशिबानंही एवढा फरक पडतो. एवढ्यासाठी तिच्या पोटात सुई घालणार नाही मी." मग श्रीपादकडे वळल्या. "चल. तिच्या आईला सांगायचं."

"मी?"

"तू. मी शेजारी उभी राहीन."

६

पुतळाबाई वॉर्डाबाहेर भिंतीला टेकून बसली होती. शेजारी तिचा नवरा कोंडाजी, टोपी मांडीवर. सकाळी पद्मजाबाईंनी डुकराच्या पेशींबद्दल समजावलं तेव्हा ती म्हणाली होती, "डुकराच्या का व्हईनात, पोर जगू द्या." आता तीन माणसं एकदम समोर आलेली बघून ती धडपडत उठली.

श्रीपाद बोलला. अडखळत, पण काही राखून न ठेवता. उंदीर, फोन, सही, बाटली, सगळं. पद्मजाबाईंनी एकदाच तोंड उघडलं. "आकडा मी स्वतः तपासायला हवा होता. मला तो हवाहवासा होता, म्हणून तपासला नाही. चूक माझीही आहे, पुतळाबाई."

"म्हंजे औषध नाय?" कोंडाजीनं विचारलं.

"हे औषध अजून औषध झालेलं नाही. सलाईन, साखर, प्रतिजैविकं, मेंदूची सूज उतरवायचं इंजेक्शन, जे आजवर देतो ते सगळं देणार. वाधवानी डॉक्टर येतायत. आम्ही कुणी इथून हलणार नाही."

पुतळाबाई श्रीपादकडे बघत राहिली. टिपणीसांना वाटलं, ही आता त्याच्या थोबाडीत मारणार.

"तू माझे पोरीला मारीत व्हतास का वाचवीत व्हतास, मना कलत नाय," ती म्हणाली. "पन तोंडावर येऊन बोललास. आता इथंच बस. ती डोले उघडीपर्यंत जायाचं नाय."

श्रीपाद खाली फरशीवर बसला.

७

तुळशीनं शुक्रवारी सकाळी डोळे उघडले. आधी आईला ओळखलं, मग पाणी मागितलं. दुपारी वाधवानींनी रक्ताचा रिपोर्ट दोनदा वाचला. रक्त गोठायला लागलं होतं. तिच्या यकृतानं आपणहून उभारी धरली होती. दहांत दोघं-तिघं तसे वाचतात. ही त्यांच्यातली निघाली.

वाधवानी बाहेर आले आणि पद्मजाबाईंच्या शेजारच्या खुर्चीत बसले.

"मॅडम, एक बात सोचा. मंगळवारी मणी दिले असते आणि सुईनं ती दगावली नसती, तर आज आपण काय म्हटलं असतं?"

"मण्यांनी वाचली म्हणून," पद्मजाबाई म्हणाल्या.

"पेढे वाटले असते. पेपरात फोटो. माझ्या दवाखान्यात बाकावर बसलेत ना, त्या सगळ्यांनी मणी मागितले असते. आणि मी दिले असते."

पद्मजाबाईंनी मान हलवली. उंदरांच्या प्रयोगावरचा निबंध त्यांनी पुण्याच्या एका परिषदेला पाठवला होता; त्याच संध्याकाळी त्यांनी तिला पत्र टाकलं: निबंध मागे घेत आहे, आकडे खोटे आहेत, खरे सोबत जोडले आहेत. पत्राखाली दोन सह्या होत्या. दुसरी श्रीपादची. ती करून त्यानं प्रयोगशाळेची किल्ली विष्णुपंतांच्या हातात दिली आणि तो गेला. त्याला कुणी थांबवलं नाही. पुतळाबाईनं मात्र त्याला डब्यातली भाकरी खाल्ल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

पुढच्या सोमवारी टिपणीसांना अंबरनाथहून निरोप आला. ते पोचले तेव्हा टेबलावर चोवीस कोऱ्या चिठ्ठ्या आणि लाखेची कांडी होती.

"अर्ध्या उंदरांना पेशींचे मणी, अर्ध्यांना नुसते रिकामे मणी," पद्मजाबाई म्हणाल्या. "कुणाला काय मिळालं ते मला कळता कामा नये, जनूभाऊंनाही नाही. चिठ्ठ्या तुम्ही टाका, यादी तुम्ही करा, लाख लावा आणि घरी घेऊन जा. शेवटचा उंदीर मोजून होईपर्यंत उघडायची नाही."

"किती दिवस?"

"ही खेप महिनाभर. मग दुसरी. मग तिसरी. मला घाई नाही. म्हणजे आहे, पण घाईनं होणार नाही."

टिपणीसांनी पेन उघडलं. त्या दारापर्यंत गेल्या आणि परत वळल्या.

"आणि टिपणीससाहेब, मधेच कधी मी कात्रपला येईन. रडेन, हातापाया पडेन, एकदाच बघू द्या म्हणेन. तरी द्यायची नाही."

"नाही देणार," टिपणीस म्हणाले.

पद्मजाबाईंनी हात धुतले आणि त्या आत जाऊन कामाला लागल्या.